नळदुर्ग: बोरीचं पाणी आणि खंडोबाची पौष पौर्णिमा

सोलापूर सोडून हैदराबाद रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. बोरी नदी भरून वाहतेय असं कळलं आणि आम्ही निघालोच. वरचं कुरनूरचं धरण भरून सांडल्याशिवाय किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू होत नाहीत. पावसाने ओढ दिली की ते वर्ष कोरडंच जातं.

किल्ला आणि पलीकडचा त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा घातलाय, आणि बंधाऱ्याच्या पोटात चक्क महाल! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 चं हे काम. अंधाऱ्या पायऱ्या उतरून सज्जात पोचलो. समोर कमान आणि कमानीपुढे कोसळणारी बोरी. तोंडावर तुषार येत होते, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं, आणि मागे दालनातली फरशी कोरडी. नदी डोक्यावरून जात असताना माणूस तिच्याआड निवांत उभा राहतो. विजापूरचा गोलघुमट सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच घराण्याचं हे काम मला त्याच्या तोडीचं वाटतं.

बाकी किल्ल्याची बरीच पडझड झालीय. उंच उपळी बुरुजावर लांबलचक तोफा आहेत, तिथवर चढाच. निजामाने 1853 मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा मेडोज टेलर इथे अधिकारी म्हणून राहिला होता. पण मराठवाड्याच्या माणसाला जवळची तारीख 13 सप्टेंबर 1948. त्या दिवशी भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं आणि बोरीवरचा पूल ताब्यात घेतला. पाचव्या दिवशी निजाम शरण आला. आपल्या मुक्तिसंग्रामाच्या शेवटच्या पर्वाची वाट या गावावरून गेलीय, हे इथे ठळकपणे लिहिलेलं असायला हवं.

आणि गावाचा खरा जीव खंडोबात. नळदुर्गातल्या मैलारपूरला पौष पौर्णिमेची यात्रा भरते. भंडारा उधळत, ‘येळकोट येळकोट’ करत माणसं लोटतात. देव मात्र कायमचा इथला नाही! वर्षातला बहुतेक काळ तो शेजारच्या अणदूरला असतो, हिवाळ्यात सुमारे दोन महिने नळदुर्गला येतो. मूर्ती हलवताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. पुढच्या खेपेला पौषातच येणार आहे, नर-मादी कोरडे असले तरी चालतील.