तुम्ही विचारलंत म्हणून: या ‘नकली’ तबकड्या

‘कोलंबिया कंपनीच्या मूळ ग्रामोफोन तबकड्या मिळत असताना हा नकली माल कशाला जमवता?’ घरी येणारे जाणकारच हे विचारतात, म्हणून जास्त लागतं.

नकली नाहीत हो त्या. स्टँडर्ड, हार्मनी, युनायटेड, अरेटिनो या सगळ्या कोलंबियाच्याच साच्यातून निघाल्या. गाणं तेच, गळा तोच. 1907च्या सुमारास शिकागोच्या व्यापाऱ्यांनी त्यांवर आपली लेबलं लावून घेतली आणि मधलं भोक मोठं करून घेतलं. नेहमीचं भोक साधारण पाव इंच. स्टँडर्डचं 9/16, हार्मनीचं 3/4, युनायटेडचं दीड आणि अरेटिनोचं चक्क 3 इंच! दुकानात ठरावीक खरेदी केली की ग्रामोफोन फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळे. पण तबकडीचं भोक ज्यावर बसतं ती त्याची खुंटी तेवढीच जाड. दुसरी तबकडी बसायचीच नाही. कमाई सगळी तबकड्यांवर.

लेबलावर बहुतेकदा गायकाचं नावही नसे, नुसतं ‘टेनर सोलो’, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी गळ्याचं एकट्याचं गाणं. हेन्री बरसारखा नामांकित गायकही असा निनावी व्हायचा. क्रमांक कोलंबियाच्या यादीशी ताडून मी ती नावं शोधतो. ‘कशाला’ याचं माझ्याकडचं सर्वांत खरं उत्तर हेच.

तरीही तुम्ही म्हणता, लबाडीचा धंदा तो, जपायचा कशाला? इथे मला एका दुरुस्तीबद्दल सांगावंच लागेल.

माझा स्टँडर्डचा ग्रामोफोन स्प्रिंग तुटली म्हणून एका कारागिराकडे दिला होता. आणायला गेलो तर त्याने मोठ्या आनंदाने कोलंबियाची साधी तबकडी लावून दाखवली. ती बसली! जाड खुंटी त्याने लेथवर घासून बारीक केली होती. ‘आता कुठलीही वाजेल,’ म्हणाला. त्याचे जादा पैसेही घेतले नाहीत. मला बोलता येईना. कर्णा, पेटी, चावी सगळं कोलंबियाच्या सुट्या भागांचं. स्टँडर्डचं म्हणावं असं त्यात होतं ते ती खुंटीच. पुरावाच गेला. घरी येऊन बायकोला सांगताना रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मग रात्री वेगळंच डोक्यात आलं. शंभर वर्षांपूर्वी हे यंत्र ज्या घरात गेलं, त्या घराला नेमकं हेच हवं असणार. शेजाऱ्याची तबकडी मागून आणावी आणि ती आपल्याकडे वाजावी. कारागिराने व्यापाऱ्यांनी घातलेलं कुलूप उघडलं. मी कुणाच्या बाजूने रडत होतो, त्या घरातल्यांच्या की व्यापाऱ्यांच्या? तेव्हाचा मी म्हणतो, वस्तू जशी होती तशीच राहायला हवी. आजचा मी तेच म्हणतो, पण आवाज तेवढा चढत नाही.

आता एकजण मूळ मापाची खुंटी नव्याने करून द्यायला तयार आहे. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. मधल्या काळात त्या ग्रामोफोनवर साध्या तबकड्या वाजवतो, आणि त्या छान वाजतात.