डावं वळण

आमची लूना सरळ जायची, उजवीकडेही गुमान वळायची. डावीकडे हँडल फिरवलं की मात्र फट्‌ करून बंद! बाबांची ही जुनी गाडी माळ्याखालून बाहेर काढायची हौस माझी, त्यामुळे तिचं दुखणं शोधायचं कामही माझ्याकडेच आलं. दरम्यान आठवडाभर मी दूध आणायला डावं वळण टाळून, अख्ख्या पेठेला वळसा घालून जात होतो.

लूना म्हणजे इंजिन बसवलेली सायकलच. पुण्याच्या कायनेटिकने १९७२मध्ये आणलेली, ५० सीसीची, इटलीच्या पियाजिओ चाओवरून बेतलेली. बॅटरीचं नाव नाही. मॅग्नेट फिरतो, आतल्या कॉइलमध्ये करंट तयार होतो, पॉइंट, म्हणजे तो करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे धातूचे संपर्क, उघडले की प्लगला ठिणगी. टू-स्ट्रोकला प्रत्येक फेऱ्याला एक, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला ५० ठिणग्या. एवढं काम बिचारी तक्रार न करता करते, डावं वळण सोडून.

मी सुरुवात प्लगपासून केली, कारण सगळेच तिथून करतात. मग मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट पाहिले. काळे पडलेले. झिरो पेपर फिरवला आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून फट ०.४ मिलिमीटरला आणली. बाबा शेजारी जुनं पोस्टकार्ड घेऊन उभे, "आम्ही यानंच लावायचो." पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांना जोडलेला कंडेन्सरही नवा घातला. प्लग इंजिनाला टेकवून जिन्याखालच्या अंधारात पेडल मारलं, तर आधीच्या पिवळट ठिणगीच्या जागी निळीशार ठिणगी. गाडी सुसाट निघाली, आणि पहिल्याच डाव्या वळणाला बंद.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, पॉइंट काढून सीडीआय, म्हणजे पॉइंटशिवाय ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बसवा. सल्ला चुकीचा नव्हता, घासून झिजायला काही उरतच नाही. पण सीडीआयला डावं-उजवं थोडंच कळतं?

शेवटी हेडलाइटमागे हात घातला. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर हँडलच्या मानेपाशी कुणीतरी टेपने गुंडाळली होती. टेप चिकट होऊन सरकली होती आणि आत तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं. हँडल डावीकडे गेलं की ते फ्रेमला टेकायचं. बटण तरी दुसरं काय करतं? कॉइलचा करंट फ्रेमवर उतरवून देतं, की ठिणगी गेली.

खात्री करायला वायर उपसूनच टाकली. अंगणात डावीकडे, उजवीकडे, आठचे आकडे. मग लक्षात आलं की आता ही बंद कशी करायची? पेट्रोलचा कॉक फिरवला आणि कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत गाडी धरून उभा राहिलो. शेजारच्या काकू खिडकीत आल्या. बाबा म्हणाले, "आधी चालत नव्हती, आता थांबत नाही. सुधारणा आहे."

नवी वायर नळीतून घेतली, मानेपाशी एक सैल वेटोळं ठेवलं. त्याला आता दोन महिने झाले. पण डावं वळण आलं की माझा पाय अजून आपोआप पेडलवर तयार असतो.