बोदा, कुल्ली आणि दुदूची विहीर

ठाण्याला मांडवी एक्स्प्रेसमध्ये चढलो तेव्हा ठकूच्या खात्यावर 27 शब्द जमा होते. वय 20 महिने. यादी सासूबाईंच्या डायरीत, दूधवाल्याच्या हिशेबाच्या मागच्या पानावर. 'मम्मं', 'भूर', 'काऊ' वगैरे नेहमीचे, आणि सगळ्यांत स्वच्छ उच्चाराचा 'नको'. 'बाबा' हा शब्द तिच्या बाबाला, इस्त्रीवाल्याला आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या कुठल्याही मिशीवाल्याला सारखाच लागू.

पनवेल सोडल्यावर बोगदे सुरू झाले. पहिल्याला तिने किंकाळी फोडली. दुसऱ्याला सासूबाईंनी शिताफीने तिला मांडीवर घेऊन "बोगदा आला, बोगदा आला" असा ठेका धरला. कोकण रेल्वेवर नव्वदहून जास्त बोगदे आहेत, त्यामुळे उजळणीला तोटा नव्हता. चिपळूण येईपर्यंत 'बोदा' पक्का झाला. मग रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे आला. साडेसहा किलोमीटरचा! ठकू सुरुवातीला जोरात "बोदा, बोदा" करत होती, मग आवाज बारीक झाला, मग नुसतीच माझा दंड धरून बसली. एकदम उजेड पडला तशी खिडकीकडे बघून म्हणाली, "बोदा गेला."

दोन शब्द जोडून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. समोरच्या सीटवरचे काका मेदूवडा हातात धरून "वा!" म्हणाले. सासूबाईंची डायरी नेमकी वरच्या बॅगेत होती.

कुडाळला उतरून तारकर्लीला पोचेपर्यंत अंधार झाला. समुद्र पाहिला तो दुसऱ्या दिवशी. 'समुद्र' म्हणायला शिकवायचं असा माझा आणि नवऱ्याचा बेत, पण ठकूने त्या अफाट पाण्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि वाळूतल्या बोटभर खेकड्यामागे धावली. तो बिळात शिरला की ही बिळापाशी उकिडवी. 'खेकडा' काही तिच्या जिभेवर बसेना. जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकू म्हणाल्या, "कुर्ली म्हण गो बाय, कुर्ली." लगेच, "कुल्ली!" जिभेला जे सोपं ते आपलं, असा तिचा साधा हिशेब. त्यानंतर वाळूत हलेल ती प्रत्येक गोष्ट कुल्ली. वाऱ्याने उडालेली माझी चप्पलसुद्धा.

लाट मागे जाताना ती बोदा गेला त्याच चालीवर "पाणी गेला" म्हणायला लागली. मी आईच्या कर्तव्याने दुरुस्त केलं, "पाणी गेलं." काकू मासे साफ करता करता हसल्या. "पाणी गेला! बरोबरच बोलता चेडू." मालवणीत ते खरंच बरोबर होतं. दीड दिवसात माझ्या व्याकरणाचा अधिकार संपला.

तिसऱ्या दिवशी मालवणहून होडीने सिंधुदुर्ग. नवऱ्याने तिला कडेवर घेऊन 1664, कुरटे बेट, महाराज असं सगळं मन लावून सांगितलं. ती त्याच्या टोपीची दोरी चघळत होती. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि यांना मात्र गोडं. गाइडने "ही दूधबाव" म्हणताच ठकूने मान वळवली.

"दुदू?"

झालं. उन्हाने आधीच वैतागलेली, दुधाची वेळ टळून गेलेली, आणि समोर विहीरभर दूध! कठड्यापासून लांब धरून तिला आत दाखवलं. खाली हिरवट पाणी. तिने आधी विहिरीकडे पाहिलं, मग गाइडकडे, अशा नजरेने की तो बिचारा ओशाळला. "दुदू नाई," म्हणत जे रडणं सुरू झालं ते शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत. पुढे दहीबावेचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नाही. साखरबाव आम्ही लांबूनच पाहिली.

परतीच्या गाडीत सासूबाईंनी बेरीज केली: 41. 'नको' आणि 'नाई' हे दोन धरायचे की एकच, यावर पेणपर्यंत वाद चालला.

घरी येऊन कुलूप काढलं, सासूबाईंनी स्वयंपाकघरातला दिवा लावला. ओट्याखालून काहीतरी तपकिरी सरसर पळालं. सासूबाई डायरीसकट स्टुलावर चढल्या आणि ठकू टाळ्या वाजवत ओरडली, "कुल्ली!"