२३० व्होल्ट गृहीत न धरता केलेला पॉवर सप्लाय

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात मल्टीमीटरवर बरोबर २३० व्होल्ट दिसणं हा योगायोगच. विहिरींवरच्या मोटारी चालू असल्या की घरात १७० येतात. रात्री लोड उतरला की २६०. त्यामुळे एलएम३८८६ चिपचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर करायचं ठरलं तेव्हा चिपपेक्षा पॉवर सप्लायच जास्त डोकं खाणार, हे दिसतच होतं.

बहुतेक सर्किटांत २४-०-२४ चा, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर असतो. एसीचं शिखर धरायला २४ गुणिले १.४१४ म्हणजे ३४, डायोडचा एक व्होल्ट वजा केला की डीसी प्लस-मायनस ३३. पण २६० व्होल्टला आणि बिनलोडात हेच दोन्ही बाजू मिळून ८० च्या वर जातं. चिपची मर्यादा ८४. इतक्या काठावर कोण झोपेल? मी २०-०-२० घेतला. लाइन १७० ला उतरली तरी प्लस-मायनस २० च्या आसपास मिळतात, आठ ओहमच्या स्पीकरला पंधराएक वॅट. घरात भजनं ऐकायला ते भरपूर झालं.

ट्रान्सफॉर्मर तालुक्याला मोटार वाइंडिंगवाल्या भाऊंकडून गुंडाळून घेतला. कोअरचा छेद १६ चौरस सेंटिमीटर. ते व्होल्टमागे अडीच वेढे धरत होते, मी तीन मागितले.

"अडीचात लय झालं भाऊ, तांबं कायले वाया घालवता?"

तांबं वाया जात नाही. वेढे कमी असले की व्होल्टेज चढल्यावर कोअर सॅच्युरेशनकडे (चुंबकत्वानं भरून जाण्याकडे) सरकतो आणि ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणायला लागतो, तेही रात्रीच्या शांततेत. त्यांनी मान हलवली, पण तीनच गुंडाळले.

फिल्टरला प्रत्येक बाजूला १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डायोडच्या ब्रिजनंतर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, १०० हर्ट्झचा, त्यामुळे दोन अँपिअर ओढले तर तो दोन व्होल्टच्या आसपास राहतो. ४७०० लावले असते तर चारच्या वर. कपॅसिटर ५० व्होल्टचे आणि १०५ डिग्रीवाले घेतले, ८५ वाले नाही. मे महिन्यात खोलीतच ४५ असतात, डब्याच्या आत किती ते सांगायला नको. रेग्युलेटर लावला नाही तोही याच कारणानं: नुसती उष्णता वाढते, आणि रिपल ही चिप स्वतःच बऱ्यापैकी दाबते. प्रत्येक कपॅसिटरवर २.२ किलोओहम, एक वॅटचा रेझिस्टर आहे, म्हणजे बंद केल्यावर चार्ज उतरतो. घरात लहान मुलं असतील तर हा टाळूच नका.

ग्राउंडचे सगळे तार दोन कपॅसिटरांच्या मधल्या जोडावरून न्यायचे नाहीत. तिथे चार्जिंगचे झटके असतात. थोडं पुढे वेगळा स्टार पॉइंट (सगळे ग्राउंड एकत्र येतात तो एकच बिंदू) काढून स्पीकर, इनपुट आणि बोर्ड तिथे जोडले. या एका गोष्टीनं स्पीकरमधला जितका हम (गुणगुण) गेला तितका जास्तीच्या कपॅसिटरनं जात नाही.

पहिल्यांदा चालू करताना चिपचे बोर्ड न जोडता १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब मेन्सच्या तारेत सिरीजमध्ये लावला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला, म्हणजे कपॅसिटर भरले, कुठे शॉर्ट नाही. मग प्लस, मायनस दोन्ही मोजून बोर्ड जोडले. प्रायमरीला स्लो-ब्लो (क्षणभराचा झटका सोसणारा) फ्यूज आहे, साधा असता तर बल्ब काढून चालू करताच पहिल्या झटक्यात उडू शकला असता.

स्पीकर प्रोटेक्शनचं रिले सर्किट (चिप बिघडली तर स्पीकर तोडणारं) अजून व्हायचं आहे. तोवर जुने स्पीकरच जोडलेत.