आरओच्या खारट पाण्यावर पुदिना, तुळस, गवती चहा आणि रोझमेरी : उन्हाळ्याच्या तोंडावरची नोंद

सांगलीतील आमच्या गच्चीवरील सुगंधी झाडांना पावसाळा संपल्यापासून मी मुख्यतः आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी देत आहे. या यंत्रात तीन लिटर पाणी गेले की एक लिटर शुद्ध मिळते आणि जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या दोन लिटरांत राहतात, म्हणजे खारटपणा सुमारे दीडपट होतो. आमच्या बोअरच्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचे माप, दर मीटरला १ डेसीसायमन असल्याने कुंडीत जाणारे पाणी १.५ च्या आसपास भरते. ०.७ ते ३ हा पट्टा सिंचनासाठी जपून वापरण्याचा मानला जातो. कपडे धुण्याचे पाणी मात्र मी मुद्दाम वेगळे ठेवले आहे, कारण आरओच्या पाण्यात सोडियमच्या जोडीला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असते, तर साबणाच्या पाण्यातून मुख्यतः सोडियम येऊन काळ्या मातीचे कण सुटे होतात आणि निचरा बसतो.

पुदिना सर्वांत आधी कुरकुरला. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळल्या, कोवळा शेंडा मात्र हिरवा राहिला. क्षार जुन्या पानांत साठत जातात, त्याचीच ही खूण. तुळशीची पाने लहान झाली, पण चुरगळली की वास पूर्वीपेक्षा तिखट येतो. तुळस आणि पुदिना यांच्या तेलग्रंथी पानाच्या पृष्ठभागावर असतात, त्यामुळे पान आखूड राहिले की त्या दाट होतात. हा वास मला मनापासून आवडतो, तरीही त्याला मी यश म्हणणार नाही, कारण पाल्याचे वजन घटले की झाडामागे मिळणारे एकूण तेल बहुधा कमीच भरते. गवती चहाची फक्त टोके करपली. रोझमेरीवर काहीही परिणाम दिसत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कुंडीच्या तळातून गळणाऱ्या पाण्याची मोजणी. पाणी पानांतून उडून जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणून दिलेल्या पाण्याचा पाचवा हिस्साच खाली गळत असेल, तर कालांतराने त्या गळतीचा खारटपणा पाचपट, म्हणजे ७.५ पर्यंत चढतो, आणि तिसरा हिस्सा गळू दिला तर तो ४.५ वर थांबतो. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला भरमसाट पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसल्याने, म्हणूनच तेथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकावे लागतात. कुंडीला भोक असते, हा आपला मोठा फायदा आहे. त्यामुळे थोडे थोडे रोज शिंपडण्याऐवजी मी आता माती वरून सुकू देऊन एकदाच भरपूर पाणी देतो. पुदिन्याला अधूनमधून साठवलेले पावसाचे पाणी मिळते आणि त्याची नवी पाने आता कडांपर्यंत हिरवी आहेत.

पुढच्या टप्प्यात सगळी गळती पन्हळीने एका पिंपात आणून ती वाळ्याला देणार आहे. वाळा क्षार बराच सोसतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो हे पाणी कुठवर पेलतो, याच्या नोंदी मी गळतीच्या आकड्यांसह ठेवीन.