विंगेतून दिसलेलं न्यूर्बुर्गरिंग

शनिवारी पहाटे पाचला जर्मनीतल्या कोब्लेंट्सहून न्यूर्बुर्गरिंगच्या रेस ट्रॅककडे निघालो तेव्हा मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता आणि मागच्या सीटवर आगीपासून वाचवणारा जाड डगला. बायकोनं दारातूनच विचारलं, "आज पण आग विझवायचीच ना?"

"लागली तर."

गेली दोन वर्षं मी इथल्या एका हौशी रेसिंग टीममध्ये आहे. गाडी चालवत नाही, तेवढी ऐपतही नाही आणि छातीही नाही. माझी कामं तीन. पेट्रोल भरताना अग्निशामक नळकांडं रोखून उभं राहायचं, डाव्या बाजूच्या चाकांचे नट आवळायचे आणि संध्याकाळी सामान मोजून व्हॅनमध्ये भरायचं. मी रेसिंग करतो असं आईला फोनवर सांगितलं, तर दोन दिवस नीट बोलली नाही. मग खुलासा केला की अगं, मी फक्त सिलिंडर धरून उभा असतो. ती आणखी घाबरली.

मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे नाटकाचं वेड पाण्यातूनच येतं. कॉलेज संपल्यावर पाच-सहा वर्षं मी हौशी राज्य नाट्य स्पर्धेत बॅकस्टेज केलं. बँकेतला कॅशियर दिग्दर्शक, शाळेतल्या बाई नायिका, नेपथ्य टेंपोत घालून न्यायचं, चहाचे पैसे वर्गणीतून. एका वर्षी प्रयोगाच्या दिवशी मुख्य नटच आला नाही, त्याला कंपनीत सेकंड शिफ्ट लागली होती. शेवटी प्रॉम्प्टरनं त्याचा अंगरखा चढवला आणि आम्ही पडदा वर घेतला. रेसिंग म्हटल्यावर डोळ्यासमोर जे चकचकीत चित्र येतं, ते घेऊन मी पहिल्यांदा या टीमच्या शेडमध्ये गेलो होतो. तिथे दिसली आमची सांगलीचीच मंडळी, फक्त गोरी.

टीमचा म्होरक्या पेशानं घरांची छपरं घालतो. मी मनातल्या मनात त्याला मिस्त्री म्हणतो. दुसरा ड्रायव्हर दातांचा डॉक्टर, तिसरा निवृत्त बसचालक. रेडिओ आणि वेळेच्या स्क्रीनसमोर नर्सिंग शिकणारी एक मुलगी बसते आणि तिच्यापुढे सगळे गप्प. डॉक्टरसाहेबांना त्यांच्या दवाखान्यात 'झी', म्हणजे अहो-जाहो करावं लागतं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या गाळ्यात, पाऊल टाकलं की ते 'डू', म्हणजे अरे-तुरे. त्यांच्यावर मिस्त्री जसा ओरडतो, तसं त्यांच्या दवाखान्यात कुणी ओरडलं तर बिचाऱ्याची भूल न देता दाढ काढतील.

गाडी आहे जुनी बीएमडब्ल्यू ३२५आय. आतल्या सीट काढून लोखंडी पिंजरा बसवलेला, बाकी बरीचशी मूळ गाडीच. एका शर्यतीला ड्रायव्हरमागे काही हजार युरो सहज जातात आणि ते तिघं स्वतःच्या खिशातून घालतात. बक्षिसातून त्यातला टायरचा खर्चही निघत नाही.

आता ट्रॅकविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. न्यूर्बुर्गरिंगचा जुना भाग म्हणजे नॉर्डश्लायफ. लांबी २०.८३२ किलोमीटर, वळणं ७३, चढउतार साधारण ३०० मीटरचा. आयफेल हा डोंगराळ आणि तेव्हा गरीब मुलूख. तिथल्या बेकारांना काम मिळावं म्हणून १९२५ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १९२७ मध्ये रस्ता खुला झाला. आपल्याकडच्या दुष्काळी कामांवर पाझर तलाव झाले, यांच्याकडे हे झालं! एरवी कुणीही तिकीट काढून स्वतःची गाडी त्यावर घालू शकतो. आंबेनळीच्या घाटाची दोन्ही तोंडं एकमेकांना जोडा, समोरून येणारी एसटी काढून टाका आणि रेटा. हवा म्हणाल तर पिटपाशी ऊन असतं आणि पलीकडे कारुसेलच्या वळणावर धो-धो पाऊस. पावसाळ्यात तळेगावात कोरडं आणि लोणावळ्यात छत्री उलटते, तसंच.

१९७६ मध्ये फॉर्म्युला वनचा तेव्हाचा जगज्जेता निकी लाउडा, त्याची गाडी इथेच पेटली आणि त्यानंतर फॉर्म्युला वन या रस्त्यावर परतलं नाही. हौशी लोक मात्र हटले नाहीत. १९७७ पासून इथे सहनशक्तीच्या शर्यतींची मालिका चालते. आज तिला एनएलएस म्हणतात, जुनी माणसं अजून व्हीएलएनच म्हणतात. बहुतेक शर्यती शनिवारी, चार तासांच्या. आधुनिक ट्रॅकचा तुकडा जोडून एक फेरी २४.३५८ किलोमीटरची होते. एका शर्यतीत शंभराच्या वर गाड्या उतरतात आणि गंमत म्हणजे कंपन्यांच्या पाठबळावर येणाऱ्या जीटी३, म्हणजे इथल्या सगळ्यात वेगवान वर्गातल्या पोर्श, फेरारी आणि आमची म्हातारी एकाच रस्त्यावर असतात. त्यांची फेरी आठ मिनिटांची, आमची दहाची. त्यामुळे आमच्या ड्रायव्हरची निम्मी कला आरशात बघण्यात असते. डॉक्टर म्हणतो, पुढे काय आहे ते पाठ असतं, मागून काय येतंय ते नसतं.

हौशी म्हणून वाटेल तो उतरतो असं मात्र नाही. नॉर्डश्लायफसाठी वेगळा परवाना लागतो. आधी धडे, मग छोट्या गाडीवर शर्यत, मग मोठी गाडी. सप्टेंबर २०२५ मध्ये चार वेळचा जगज्जेता मॅक्स व्हर्स्टापेन इथे आला, तर त्यालाही आधी ताकद उतरवलेल्या पोर्श केमनमध्ये बसवलं. दोन आठवड्यांनी तो फेरारी घेऊन आला आणि जिंकलाही. मिस्त्रीला त्याच्या जिंकण्याचं कौतुक नाही. त्यालाही पहिलीपासून बसवलं, यावर मात्र तो बेहद्द खूश आहे.

प्रेक्षकांचंही तसंच. १९७० पासून होणाऱ्या २४ तासांच्या शर्यतीत अलीकडे लोक कुणासाठी ओरडतात, तर डाशिया लोगानसाठी. हो, तीच लोगान, जी आपल्याकडे महिंद्रानं नाशकात बनवून विकली आणि जिच्यातून निम्मा महाराष्ट्र टॅक्सीनं विमानतळावर गेला. मी हे सांगितलं तेव्हा बसचालक आजोबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदरानं बघितलं.

तर, शनिवारी धुकं होतं. साडेआठची पात्रता फेरी सुरू व्हायला वेळ लागला, कारण बचावाचं हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर गाड्या सोडत नाहीत. आमच्या एका गाळ्यात चार टीम. ग्रीन रूममध्ये दोन नाटकांची मंडळी घुसल्यावर होतं तेच, याचा पाना त्याच्याकडे आणि त्याची कॉफी याच्याकडे. पुऱ्यांचा डबा मी हत्यारांच्या ट्रॉलीवर उघडा ठेवला. ते त्याला 'तिखट चिप्स' म्हणतात. मी आता दुरुस्त करत नाही.

बाराला शर्यत सुटली. टीव्हीवर कळत नाही ती गोष्ट अशी, की पिटमध्ये शर्यत दिसतच नाही. दर दहा मिनिटांनी आपली गाडी समोरून जाते, पाच सेकंद. बाकीचा वेळ स्क्रीनवरचे आकडे. विंगेत उभं राहून पुढच्या एंट्रीची वाट बघायची सवय असल्यामुळे मला ते जमतं. तासाभरानंतर पहिलं पेट्रोल भरून झालं. डगल्यात घाम, हातात नळकांडं, बोट दांडीवर, नजर पेट्रोलच्या तोंडावर. तापलेल्या ब्रेकची धग पोटऱ्यांना लागते. काही घडलं नाही. माझं काम उत्तम झालं म्हणजे काही घडलं नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला डॉक्टर गाडीत होता. दहा मिनिटं झाली. गाडी नाही. अकरा. मुलीनं स्क्रीनवर बोट ठेवलं, ट्रॅकच्या शेवटच्या टप्प्याचा आकडा भरलाच नव्हता. रेडिओ डोंगरात कधी लागतो, कधी नाही. बारा. मिस्त्री काही बोलला नाही, फक्त टोपी काढून परत घातली. २०१५ मध्ये याच मालिकेत एक जीटी३ गाडी फ्लुगप्लाट्सच्या उंचवट्यावर हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक दगावला. त्या दिवशी मिस्त्री इथेच होता. हे मला त्यानं नाही, बसचालकांनी सांगितलं.

पंधराव्या मिनिटाला रेडिओ खरखरला. "डावं पुढचं गेलं. येतोय." टायर फुटला होता आणि तो डॉटिंगर होहेच्या लांबलचक सरळ रस्त्यावरून कडेकडेनं रांगत येत होता.

गाडी आली तेव्हा टायरच्या चिंध्या रिमला गुंडाळलेल्या, चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर फाटून लोंबत होतं. डावी बाजू माझी! जॅक लागला, नट सुटले, पण रिम बसकण मारून बसलेली. दोन लाथांत निघाली. अस्तर कापून उरलेलं चिकटपट्टीनं आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलं. नवं चाक, पाच नट, आधी हातानं, मग टॉर्क पान्यानं समोरासमोरचे, नट पुरता आवळला की तो टक वाजतो. टक. टक. टक. टक. टक. पाच आवाज मी मोठ्यानं मोजले, मराठीत. पंचवीस मिनिटं गेली होती. बसचालक आजोबा आत बसले आणि एखादा थांबा चुकला असावा अशा शांतपणे निघून गेले.

चारला झेंडा पडला. आमच्या २० फेऱ्या झाल्या, पुढच्या पोर्शच्या २७. आमच्या वर्गात सात गाड्या, आम्ही सहावे, आणि सातवी भिंतीला लागली होती. तरी मिस्त्रीनं सगळ्यांना मिठ्या मारल्या. डॉक्टर मात्र फुटलेल्या टायरपाशी उकिडवा बसून, किडलेला दात बघावा तसा त्यात बघत होता.

सातला, अंधारात, मी सामान मोजत होतो. गाडीला वीस नट, डब्यात जादाचे पाच. डब्यात चारच.

"एक नट कमी आहे," मी आपसूक मराठीत म्हणालो आणि एकटाच हसत सुटलो. मिस्त्रीनं का हसतोस म्हणून विचारलं. त्याला आता कुठे सांगणार सांगलीची सेकंड शिफ्ट आणि प्रॉम्प्टरचा अंगरखा? तो गाडीला पुन्हा जॅक लावायला निघाला. पाच आवाज मोजलेत म्हणून मी शपथा घेतल्या, तरी त्यानं चारही चाकं बॅटरी पाडून बघितली. वीस होते. मग आम्ही पाच जण गुडघ्यांवर बसून गाळा चाचपला, शेजारच्या टीमचे दोघंही खाली वाकले.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. बायकोनं डबा विसळायला घेतला आणि नळाखाली खण्णकन आवाज झाला. पुऱ्यांच्या चुऱ्यात बसला होता, तेलानं चकचकीत.