गालावरचं नाव

आमच्या शाळेत बाकं अर्धगोलात मांडलेली असतात, प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत म्हणून. त्या दिवशी सातवीच्या मुलांना मी अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कर्णबधिर शाळेची गोष्ट सांगत होते.

ॲलिस कॉग्जवेल ही डॉक्टरांची मुलगी. लहानपणीच्या आजारात तिचं ऐकणं गेलेलं. १८१४ मध्ये थॉमस गॅलॉडेट या तरुणाने तिला आपली हॅट दाखवली, काठीने मातीत त्या शब्दाची अक्षरं काढली. तिला ती कळली! मग वडिलांनी वर्गणी काढून त्याला हे शिक्षण शिकायला युरोपात धाडलं. ब्रिटनमध्ये ही विद्या एका घराण्याच्या मुठीत होती. त्यांच्या अटी त्याला पटल्या नाहीत. पॅरिसच्या शाळेने मात्र हातचं काही राखलं नाही. तिथले शिक्षक लॉरां क्लेर्क १८१६ मध्ये त्याच्याबरोबर जहाजाने निघाले. ५२ दिवसांच्या प्रवासात क्लेर्कनी त्याला खुणा शिकवल्या, त्याने क्लेर्कना इंग्रजी. १५ एप्रिल १८१७ ला शाळा उघडली. पहिल्या सात मुलांत ॲलिस होती.

"क्लेर्क ऐकणारे?" एकीने विचारलं.

"नाही, बहिरे."

सगळे हात थांबले. आमच्याकडे सगळे शिक्षक ऐकणारेच. तिने पुन्हा विचारलं, "बहिरे, आणि सर? पगार मिळायचा?"

"मिळायचा."

मला भरून आलं. इटलीतल्या मिलानला १८८० मध्ये भरलेल्या कर्णबधिर शिक्षणाच्या परिषदेने खुणा बाजूला सारून बोलण्यावरच भर द्यायचं ठरवलं, आणि त्याची झळ आमच्या पिढीपर्यंत पोचली. माझ्या प्रशिक्षणात मुलांना हात बाकाखाली ठेवायला लावायचे. मीही लावले आहेत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

"क्लेर्कचं खुणेचं नाव काय?"

तर्जनी आणि मधलं बोट जुळवून मी गालावरून दोनदा खाली ओढली. वर्षाचे असताना ते विस्तवात पडले होते. गालावर व्रण राहिला, त्यावरूनच हे नाव.

टोकाच्या बाकावरचा मुलगा जूनमध्ये आलेला. उकळत्या दुधाने गाल भाजलेला, म्हणून सदा तळहात गालावर. मुलांनी एकदा त्या व्रणावरूनच नाव द्यायला घेतलं, तेव्हा रागाने भिंतीकडे तोंड करून बसला होता. तेव्हापासून त्याला नावच नव्हतं. बोलवायचं तर खांद्याला हात लावायचा.

त्याने हात खाली घेतला. "कुठला गाल?"

"उजवा."

त्याचा डावा. थोडा विचार करून त्याने तीन बोटं डाव्या गालावरून एकदाच, सावकाश खाली आणली आणि आमच्याकडे पाहिलं. शेजारच्या मुलीने ती खूण केली, मग तिच्या शेजारच्याने. अर्धगोल फिरत फिरत ती माझ्यापर्यंत आली. मीही केली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी तेच नाव घेतलं. त्याने लगेच हात वर केला.